दोन नावं, एक तंबोरा

सांगलीत पहिल्या वर्षाच्या मुलांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग, म्हणजे वस्तूंच्या रूपात विचार करून प्रोग्राम लिहायची पद्धत, शिकवायला लागले तेव्हा मी 'क्लास'च्या व्याख्येपासून सुरुवात करायचे. मुलं व्याख्या घोकायची आणि संगणकापुढे बसली की अडायची. आता आधी वस्तू, व्याख्या मागाहून.

वस्तूसाठी मिरजेपलीकडे जावं लागत नाही. सतारमेकर गल्लीत एका घडणीचे तंबोरे शेजारी शेजारी उभे असतात. भोपळा, दांडी, घोडी, चार खुंट्या, चार तारा. पण एक तंबोरा काळी एक पट्टीला लावलेला, दुसरा काळी चारला, तिसऱ्याच्या तारा अजून सैल. घडण म्हणजे क्लास, हातात घेतलेला एकेक तंबोरा म्हणजे ऑब्जेक्ट. तारांची स्थिती ज्याची त्याच्यापाशी. तार चढवायची तर खुंटी पिळायची, ही क्रिया झाली मेथड.

नॉर्वेच्या ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी 'सिम्युला ६७' ही या पद्धतीचा पाया घालणारी प्रोग्रामिंग भाषा घडवली तीही खऱ्या जगातल्या घडामोडी संगणकावर उभ्या करण्याच्या खटपटीतून. त्यासाठी त्यांना संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार २००१ साली मिळाला. तेव्हा वस्तूपासून सुरुवात ही मुलांसाठी काढलेली पळवाट नाही, मूळ वाट तीच आहे.

खरी गंमत पुढे येते. गायकामागे दोन तंबोरे लागतात म्हणून एका मुलीने पायथन या प्रोग्रामिंग भाषेत 'पहिला' तंबोरा बनवला आणि खाली लिहिलं, दुसरा = पहिला. मग मालकंस रागासाठी 'दुसरा'ची पहिली तार पंचमावरून मध्यमावर आणली. छापून बघते तर 'पहिला'सुद्धा मध्यमावर!

"मॅडम, मी पहिल्याला हातही लावला नाही."

खरंच नव्हता लावला. पण तंबोरा एकच होता. बरोबरच्या चिन्हाने दुसरा तंबोरा घडत नाही, असलेल्यालाच आणखी एक नाव मिळतं. घरी बंड्या आणि शाळेत अनिकेत, पण ताप आला की दोघांनाही येतो, तसं. जावामध्येही असंच होतं. सी प्लस प्लसमध्ये मात्र साध्या ऑब्जेक्टची अशीच ओळ खरोखरची नक्कल करते, म्हणून एका भाषेतून दुसरीत जाणारी मुलं इथे हमखास ठेचकाळतात.

मी उत्तर सांगितलं नाही. वहीत दोन नावं लिहून प्रत्येकापासून बाण काढायला लावला. दोन्ही बाण एकाच भोपळ्यावर गेले तशी ती थांबली, ती ओळ खोडली आणि 'दुसरा'साठी क्लासला पुन्हा हाक मारून नवा तंबोरा घडवला. आता मध्यमावर एकटा दुसराच होता.