व्हॉल्व्ह गाइड बदलणे

सिलिंडर हेडमधील ज्या नळीतून व्हॉल्व्हची दांडी वरखाली सरकते, ती झिजल्यावर काढून तिच्या जागी नवी बसवण्याची दुरुस्ती. व्हॉल्व्हचे डोके सीटवर, म्हणजे बंद होताना ते ज्या गोल कडेवर बसते तिच्यावर, सर्व बाजूंनी सारखे टेकवणे आणि दांडीतील उष्णता हेडमध्ये पोहोचवणे ही गाइडची मुख्य कामे होत. ॲक्सिलरेटर सोडून उतार उतरल्यावर पुन्हा रेस देताच सायलेन्सरमधून निळसर धूर येणे हे झिजेचे परिचित लक्षण आहे. मात्र तसा धूर दांडीवरून तेल उतरू न देणारे सील नुसते कडक झाल्यानेही येतो, म्हणून हेड उतरवून दांडीचा आडवा खेळ मोजल्याशिवाय निदान पक्के धरू नये.

अनेक जुन्या ओतीव लोखंडी हेडमध्ये गाइड वेगळे नसून हेडमध्येच कोरलेले असते. तेथे भोक वाढवून कांस्याचे पातळ अस्तर बसवावे लागते आणि ते काम कारखान्यातच होते. ॲल्युमिनियम हेडमधील गाइड मात्र सुटे असून भोकापेक्षा साधारणपणे ०.०३ ते ०.०५ मिमी. जाड ठेवलेले असते. ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, १३ मिमी. व्यासाचे भोक १०० अंश सेल्सिअसने तापवल्यास सुमारे ०.०३ मिमी.ने मोठे होते आणि फ्रीजरमध्ये गार केलेले लोखंडी गाइड आणखी ०.००७ मिमी.च्या आसपास आकसते. त्यामुळे ओव्हनमध्ये तापवलेल्या हेडमध्ये पायरीदार ड्रिफ्टच्या (ठोकण्याच्या धातूच्या दांड्याच्या) हलक्या ठोक्यांनी गाइड बसते. जुने गाइड काढण्यापूर्वी पोर्टमध्ये (हेडमधील वायूच्या मार्गात) डोकावणाऱ्या टोकावरचा कार्बन खरवडावा. तो तसाच भोकातून ओढला गेल्यास ओरखडे पडतात, नेहमीच्या मापाचे नवे गाइड सैल होते आणि जास्त मापाचे गाइड लेथवर करून घेण्याची वेळ येते.

इथपर्यंतचे काम घरी होऊ शकते, याबद्दल फारसे दुमत नाही. मतभेद आहे तो पुढच्या टप्प्याबद्दल. नवे गाइड बसवून भोक अचूक मापाला आणणारा रीमर फिरवल्यावर घासण्याची पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासला की पुरे, असे काही हौशी दुरुस्तीकार मानतात. परंतु नव्या भोकाचा अक्ष जुन्या सीटच्या मध्याशी तंतोतंत जुळणे विरळाच, आणि घासण्याने पृष्ठभाग गुळगुळीत झाला तरी ही विकेंद्रता जात नाही; उलट जास्त घासल्यास व्हॉल्व्हच्या तोंडावर खाच पडते. त्यामुळे गाइडमध्ये पायलट (कटरला मध्यावर धरणारी दांडी) बसवून सीट नव्याने कापावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हातकटरने हे घरीही साधते, पण एकाच हेडसाठी तो विकत घेणे क्वचितच परवडते. बुलेटसारख्या एकसिलिंडर इंजिनात दोनच गाइड असतात. पूर्वी मुंबईत कुर्ल्याला बनत असलेल्या प्रीमियर पद्मिनी मोटारीत ती आठ होती, आणि सीटसाठी हेड कारखान्यात न्यायचेच असेल तर आठही गाइड तेथेच बसवून घेण्यात शहाणपण आहे.

झिजलेल्या गाइडच्या आतील बाजूस आटे उठवून भोक आकसवण्याची रीत तात्पुरती समजावी.

काम कोठेही केले तरी तपासणी एकच : व्हॉल्व्ह व स्प्रिंगा बसवून पोर्टमध्ये रॉकेल भरावे आणि काही मिनिटांनी ज्वलनकक्षाच्या बाजूने सीटच्या कडेला ओल दिसते का ते पाहावे.