रक्त साफ, पाठीतल्या पाण्यात मात्र एचआयव्ही

व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या मोजणीच्या, रिपोर्टवर ५०च्या खालचा आकडा दिसला, की एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या घेणाऱ्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. पडायलाच हवा, गोळ्या लागू पडल्याची ती खूण आहे. पण अगदी थोड्या जणांच्या बाबतीत याच सुमारास वेगळंच काही सुरू होतं. हात थरथरतो, शर्टाचं बटण लावता येईनासं होतं, चालताना तोल जातो, एखाद्याला फिट येते. रक्त तपासावं, तर रिपोर्ट उत्तम. मग कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून पाठीतलं पाणी काढतात आणि त्यात विषाणू सापडतो. डॉक्टर याला 'सीएसएफ एस्केप' म्हणतात; सीएसएफ म्हणजे हेच पाणी, आणि एस्केप म्हणजे औषधांच्या तावडीतून निसटणं.

हे पाणी मेंदू आणि मज्जारज्जूभोवती खेळतं. मोठ्या माणसात ते साधारण १५० मिलिलिटर असतं. रक्तातली औषधं तिथे सरसकट पोचत नाहीत. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंती घट्ट विणलेल्या असतात, शिवाय आत शिरलेलं औषध परत बाहेर फेकणारे पंपही तिथे असतात. एचआयव्ही मात्र संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच मेंदूत शिरतो आणि तिथल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींत मुक्काम ठोकतो. स्वतःच्या नकला काढताना तो सतत चुका करतो, त्यामुळे रक्तातली आणि मेंदूतली त्याची पिढी हळूहळू वेगळी होत जाते. दोन गावांत पांगलेल्या भाऊबंदांची बोली बदलावी, तशी.

यातली एक चूक फार महागात पडते: एम१८४व्ही. विषाणूच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या नकला काढणाऱ्या प्रथिनात १८४व्या जागी मेथिओनिन या घटकाऐवजी व्हॅलिन बसतं आणि लॅमिव्हुडिन हे एआरटीतलं औषध जवळपास निकामी होतं. सोबतीला प्रोटीज इनहिबिटर या दुसऱ्या गटातलं औषध असेल, तर रक्तात तो किल्ला लढवतो. मेंदूत तो जेमतेम पोचतो, आणि तिथे विषाणूला रान मोकळं मिळतं. पुण्यातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले आहेत, आणि त्यातले बरेच जण प्रोटीज इनहिबिटर असलेल्या दुसऱ्या फळीच्या, म्हणजे पहिली औषधं चालेनाशी झाल्यावर देतात त्या, गोळ्यांवर होते. माझ्या मते आपल्याकडे प्रत्येक एआरटी डॉक्टरच्या मनात ही शक्यता असायला हवी. वयाचा किंवा ताणाचा परिणाम म्हणून ही लक्षणं सहज बाजूला पडतात.

उपाय आहे. रक्तात विषाणू फारच कमी असल्याने तिथे त्याचं जनुक सहसा वाचता येत नाही, म्हणून पाठीतल्या पाण्याचाच नमुना जीनोटाइप चाचणीला, म्हणजे विषाणूच्या जनुकातल्या चुका शोधणाऱ्या चाचणीला, पाठवावा लागतो. त्यावरून मेंदूत पोचणारी औषधं निवडतात. डोल्युटेग्रॅव्हिर त्यातलंच एक. औषधं बदलल्यावर बऱ्याच जणांचा तोल आणि स्मरणशक्ती सुधारते, मात्र निदानाला फार उशीर झाला असेल तर काही नुकसान मागे राहतं.