सायबर तगक्षमता

संगणकव्यवस्थेवर हल्ला झाला तरी संस्थेने मुख्य काम चालू ठेवणे, बंद पडलेले ठरलेल्या वेळात उभे करणे आणि त्या अनुभवातून आपली घडी बदलणे, या क्षमतेस सायबर तगक्षमता म्हणतात. सायबर सुरक्षेचा भर हल्लेखोराला बाहेर रोखण्यावर असतो. तगक्षमतेचा विचार तो कधीतरी आत येणारच, असे धरून सुरू होतो.

संज्ञा : इंग्रजी ‘रेझिलियन्स’ हा शब्द ‘मागे उसळणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला. पदार्थबलशास्त्रात तो साधारणतः एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आढळतो. धक्का शोषून मूळ आकारात परतण्याचा गुण, असा तेथे त्याचा अर्थ. 1973 मध्ये परिस्थितिविज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी त्याला निराळे वळण दिले : धक्क्याने व्यवस्था बदलली तरी तिच्यातील मूळ संबंध टिकून राहणे. संगणकक्षेत्राने हा शब्द नेमका कोणाकडून उचलला, याविषयी एकमत नाही. कोणी त्याचे मूळ दोषसहिष्णु (एखादा भाग बिघडला तरी चालू राहणाऱ्या) संगणकांच्या परंपरेत शोधतात, कोणी आपत्तीनंतर व्यवसाय चालू ठेवण्याच्या नियोजनात. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेने 2019 मध्ये काढलेल्या व 2021 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत पूर्वअंदाज, तग, पुनरुभारणी आणि जुळवून घेणे अशी चार अंगे दिली आहेत. यांतील चौथे अंग हॉलिंग यांच्या अर्थाशी अधिक जुळते.

मराठीत ‘लवचिकता’ व ‘स्थितिस्थापकत्व’ हे प्रतिशब्द वापरले जातात. पहिल्यात टिकाव धरण्याचा भाव येत नाही. दुसरा भौतिकीत वेगळ्या अर्थाने रुळलेला आहे, शिवाय तो मूळ स्थितीत परतणे सुचवतो. खंडणीखोर व्हायरसच्या (नोंदी कुलूपबंद करून त्या सोडण्यासाठी पैसे मागणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हल्ल्यानंतर व्यवस्था जशीच्या तशी पूर्ववत केली, तर ज्या फटीतून हल्ला झाला तीही पूर्ववत होते. म्हणून येथे ‘तग धरणे’ या वाक्प्रचारावरून केलेला शब्द योजला आहे.

बडोदे व सहकारी पतव्यवहार : विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी 1889 मध्ये बडोद्यात स्थापन केलेली अन्योन्य सहायकारी मंडळी ही भारतातील पहिली सहकारी पतसंस्था मानली जाते. सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 चा, म्हणजे तिच्यानंतरचा. अशा पेढ्यांच्या हिशेबपद्धतीत तगक्षमतेचे एक तत्त्व आधीपासून आहे. व्यवहार प्रथम रोजकीर्दीत क्रमाने लिहायचा, मग खतावणीत खातेवार उतरवायचा. खतावणी भिजली तरी मागील शिलकेपासून रोजकीर्द पुन्हा खतवून ती उभी करता येते. डेटाबेसचा व्यवहार-लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद, नेमके हेच काम करतो. जुनी प्रत आणि तिच्यानंतरचा अखंड लॉग हाती असेल, तर बिघाडाच्या क्षणापर्यंतची खाती परत मिळतात.

दांडिया बाजारातील किंवा रावपुऱ्यातील एखाद्या लहान पतसंस्थेचे उदाहरण घेता येईल. दिवसअखेर झाली की कारकून बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घेतो आणि डिस्क तशीच जोडलेली ठेवून घरी जातो. रात्री खंडणीखोर व्हायरस शिरला, तर त्याच्या दृष्टीने ती डिस्क म्हणजे त्याच संगणकाचा आणखी एक ड्राइव्ह. मूळ नोंदी आणि प्रत दोन्ही एकाच वेळी कुलूपबंद होतात. दोन डिस्क आलटून पालटून वापरणे आणि प्रत झाली की डिस्क काढून तिजोरीत ठेवणे, एवढ्याने हा धोका बराच घटतो. बडोद्यात दुसरा धोका पाण्याचा आहे. जुलै 2019 आणि ऑगस्ट 2024 मध्ये शहराच्या अनेक भागांत तळमजल्यांत पुराचे पाणी शिरले. पुरासाठी प्रत लांब हवी, व्हायरससाठी ती तोडलेली हवी. सतत जोडलेली क्लाउड-प्रत लांब असते, पण तोडलेली नसते.

प्रत घेणे हे निम्मेच काम. महिन्यातून एकदा ती मोकळ्या संगणकावर चढवून, छापील शिल्लकपत्रकाशी रुपया-पैशाने ताळा जमतो का, हे पाहिल्याखेरीज प्रत आहे असे धरू नये. प्रतीचा पासवर्ड रजेवर गेलेल्या एकाच माणसाला ठाऊक आहे, किंवा सॉफ्टवेअरचा परवाना जुन्याच यंत्राशी बांधलेला आहे, अशा अडचणी याच सरावात उघड होतात. किती तासांत उभे राहायचे आणि किती तासांचे व्यवहार पुन्हा भरावे लागले तरी चालतील, हे दोन आकडे संचालक मंडळाने ठरवायचे असतात, संगणक विभागाने नव्हे.

हल्ले : ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये काढले गेले. एटीएम व्यवहारांना संमती देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी बनावट यंत्रणा उभी केली होती, त्यामुळे संमतीचा प्रश्न मूळ खात्यांपर्यंत पोहोचलाच नाही. येथे प्रती असून भागत नाही; एटीएममधून बाहेर गेलेली रोकड आणि नोंदलेले व्यवहार यांचा त्वरित मेळ घालणारी नजर लागते. जुलै 2024 मध्ये एका तंत्रसेवा पुरवठादारावर हल्ला झाल्याने सुमारे 300 लहान बँका खबरदारी म्हणून किरकोळ देयकव्यवस्थेपासून तात्पुरत्या तोडल्या गेल्या.

नियम : रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर 2018 मध्ये मूलभूत चौकट दिली. डिसेंबर 2019 मध्ये डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार स्तर ठरवले. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग 180 दिवस जपावे लागतात.

उद्योग : बडोदे परिसरातील कोयली, नंदेसरी, मकरपुरा येथील कारखान्यांसारख्या ठिकाणी नियंत्रणयंत्रणा वर्षानुवर्षे अखंड चालतात. सुरक्षा-दुरुस्ती बहुधा नियोजित शटडाउनपर्यंत लांबते. तोवर कार्यालयीन जाळे आणि यंत्रांचे जाळे वेगळे ठेवणे व हाताने चालवण्याची सवय मोडू न देणे, हे उपाय उरतात.