पाळणाघराचं दार: बाहेरून बंद, आतून उघडं

१६ जून १८८३. इंग्लंडमधल्या संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठीचा कार्यक्रम संपत आला होता. मंचावरून बक्षिसं वाटायला लागले, तशी वरच्या गॅलरीतली मुलं जिन्यानं खाली धावली. तळाचं दार जिन्याच्याच बाजूला उघडणारं, आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून बोल्टनं अडकवलेलं. तिकिटं नीट तपासता यावीत म्हणून ते तसं ठेवलं असावं, असं मानलं जातं. मागच्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. १८३ मुलं चेंगरून, गुदमरून गेली. आग नव्हती, धूरही नव्हता.

या दुर्घटनेनंतर रॉबर्ट ब्रिग्ज यांनी १८९२ मध्ये 'पॅनिक बोल्ट'चं पेटंट घेतलं. दारावर आतून आडवी दांडी असते. तिच्यावर अंगाचा भार पडला की कडी सुटते, बाहेरून मात्र दार बंदच राहतं. शिकागोच्या इरोक्वाय नाट्यगृहात १९०३ च्या आगीत सहाशेहून अधिक माणसं गेली, त्यानंतर अमेरिकेतही अशी दांडी आली.

पाळणाघरात हा तोडगा तसाच्या तसा चालत नाही. तीन वर्षांचं मूलही दांडी ढकलून थेट रस्त्यावर पोचू शकतं. तान्ह्या बाळाला तर ती असून नसल्यासारखीच.

त्यात परक्या माणसाचं भय. २३ जानेवारी २००९ रोजी बेल्जियममधल्या डेंडरमोंडच्या पाळणाघरात चाकूहल्ला झाला. दोन बाळं आणि एक सांभाळणारी बाई मारली गेली. अशा बातमीनंतर पालक भक्कम कुलूप मागणारच, आणि ते चुकीचं नाही. पण त्याच वर्षी ५ जूनला मेक्सिकोतल्या एर्मोसियो शहरात, गोदामातून बदल करून थाटलेल्या पाळणाघरात शेजारून आग पसरली. आपत्कालीन दार उघडेना. भिंत फोडायला एका बापानं आपली गाडी तिच्यावर घातली. ४९ मुलं गेली. २०११ मध्ये तिथे पाळणाघरांसाठी स्वतंत्र कायदा झाला.

साडेचार महिन्यांच्या अंतरानं घडलेल्या या दोन घटना मला कायम एकत्रच आठवतात. आत येणं आणि बाहेर पडणं यांचा विचार वेगवेगळा करायला हवा, हे त्यांतून स्पष्ट दिसतं. बाहेरून कोड किंवा इंटरकॉम जरूर असावा. आतून मात्र एका काखेत बाळ असलेल्या बाईला, किल्लीविना, एका हातानं, एकाच हालचालीत दार उघडता यायला हवं. विजेच्या चुंबकानं दार धरून ठेवणारं मॅग्नेटिक लॉक असेल तर वीज गेल्यावर आणि आगीचा अलार्म वाजल्यावर ते आपोआप सुटायला हवं. मूल स्वतः बाहेर पडू नये म्हणून अमेरिकेत काही दारांना १५ सेकंदांनी उघडणारं कुलूपही चालतं: दाबताच गजर होतो, तोवर कुणीतरी धावून येतं. आग लागली, की ही सवलत संपते.

अमेरिकेच्या 'लाइफ सेफ्टी कोड' या इमारतींच्या सुरक्षेच्या नियमावलीतली पाळणाघरांविषयीची दोन छोटी कलमं मला सगळ्यांत शहाणी वाटतात. कपाटाचं दार आतून मुलाला उघडता आलं पाहिजे. बाथरूमची कडी मुलानं आतून लावली, तरी बाहेरून मोठ्या माणसाला ती काढता आली पाहिजे.