चिंतामापन (विद्यार्थी व व्यसनाधीन व्यक्ती : बेळगाव सीमाभाग)

चिंतामापन : व्यक्तीच्या चिंतेची तीव्रता प्रश्नावली, मुलाखत किंवा शारीरिक खुणा यांच्या आधारे अंकांत मांडण्याची मानसशास्त्रीय पद्धत. प्रस्तुत नोंदीचा रोख कर्नाटकातील बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) जिल्ह्याच्या मराठीभाषक पट्ट्यावर, मुख्यतः बेळगाव शहर, खानापूर व निपाणी या भागांवर आहे.

उगम व भेद. चिंता ही प्रसंगापुरती अवस्था की माणसाचा स्थायी स्वभाव, हा भेद मापनाच्या मुळाशी आहे. त्याचे श्रेय मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पीलबर्गर यांना देण्याचा प्रघात आहे. ते पूर्णांशाने ग्राह्य धरता येत नाही. रेमंड कॅटेल व इव्हान शायर या मानसशास्त्रज्ञांनी घटक विश्लेषणाच्या (एकत्र बदलणाऱ्या उत्तरांचे गट शोधण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धतीच्या) आधारे हे दोन घटक १९६१ पर्यंत वेगळे काढले होते. आणि मागे जायचेच तर क्षणिक घालमेल व चिंतातुर प्रकृती यांतील फरक रोमन लेखक सिसेरोने इ.स.पू. पहिल्या शतकातच नोंदवला आहे. स्पीलबर्गर यांचे काम निराळे. त्यांनी हा भेद वापरण्याजोग्या साधनात उतरवला. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १९८३ मध्ये सुधारलेल्या त्यांच्या शोधिकेत (विधानांच्या प्रश्नावलीत) अवस्थेची २० व स्वभावाची २० विधाने असून प्रत्येक भागाचे गुण २० ते ८० च्या दरम्यान पडतात.

परीक्षेच्या चिंतेचे मापन याहून जुने आहे. १९१४ मध्ये फोलिन व सहकाऱ्यांनी परीक्षा दिलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची लघवी तपासली, तेव्हा सुमारे पाचांतील एकाच्या लघवीत साखर, म्हणजे ताणाची शारीरिक खूण, आढळली. पहिल्या कागदी कसोटीचा मान बहुधा मँडलर व सॅरसन यांच्या १९५२ च्या प्रश्नावलीला दिला जातो. पुढच्याच वर्षी जॅनेट टेलर यांची ५० विधानांची कसोटी आली. ती निदानासाठी रचलेलीच नव्हती. प्रयोगासाठी जास्त व कमी चिंतेची माणसे निवडणे एवढाच तिचा हेतू होता. नंतर ती निदानाची कसोटी असल्यासारखी वापरली गेली आणि तिच्यावरील बरेचसे आक्षेप या गैरसमजातून निघाले. लीबर्ट व मॉरिस यांनी १९६७ मध्ये परीक्षाचिंतेचे 'काळजी' व 'भावनिक खळबळ' असे दोन पदर दाखवले. गुण घसरण्याशी अधिक संबंध पहिल्या पदराचा आहे, हे मत आज सर्वसाधारणपणे मान्य आहे.

भारतात दुर्गानंद सिन्हा यांची १०० प्रश्नांची कसोटी १९६० च्या दशकापासून वापरात असावी. आग्र्याहून प्रकाशित झालेली, ए. के. पी. सिन्हा व एल. एन. के. सिन्हा यांची ९० प्रश्नांची होय-नाही स्वरूपाची कसोटी पदव्युत्तर प्रबंधांतून वारंवार भेटते. दोन्ही सिन्हा कसोट्यांची गल्लत होते. गुण वाचताना कोणती वापरली ते पाहणे आवश्यक आहे. दवाखान्यांत हल्ली २००६ ची सात प्रश्नांची सामान्य चिंताविकार मापिका सोयीची ठरते. ती मागील दोन आठवड्यांविषयी विचारते. गुण ० ते २१, आणि ५, १० व १५ हे अनुक्रमे सौम्य, मध्यम व तीव्र चिंतेचे उंबरठे.

भाषेचा प्रश्न. सीमाभागात मापनाची खरी अडचण इथे आहे. मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी प्री-युनिव्हर्सिटीला (अकरावी-बारावीला) बहुधा इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात जातो, आणि महाविद्यालयात त्याच्या हाती पडणारी प्रश्नावली याच दोन भाषांपैकी एकीत असते. चिंताविकाराला कन्नडात 'आतंक' म्हणतात. संस्कृतात या शब्दाचे रोग, पीडा, भीती असे अर्थ आहेत. पण मराठी मुलाच्या कानाला तो बॉम्बस्फोटाच्या बातमीतला शब्द वाटतो. उलट 'काळजी' दोन्ही भाषांत आहे. कन्नड 'काळजी' मराठीतून गेली असावी. तिचा संबंध 'काळीज'शी जोडला जातो. शिवाय कन्नडात हा शब्द आस्था, जिव्हाळा या अर्थाकडे झुकतो. म्हणजे 'तुला काळजी वाटते का?' या प्रश्नाला एकाच बाकावरची दोन मुले वेगळ्या अर्थाने 'होय' म्हणू शकतात.

घराघरांतले शब्द आणखी वेगळे : धाकधूक, हुरहूर, जिवाला घोर, पोटात गोळा, छातीत धडधड, आणि सर्वांवर मात करणारे 'टेन्शन'. यांतील निम्मे शरीराचे आहेत. उलट्या गुणांकनाची विधानेही, म्हणजे 'होय' म्हटल्यास चिंतेचे गुण कमी होतात अशी, त्रास देतात. 'मी शांत असतो' याचा अर्थ निवांत असाही होतो आणि गप्प बसणारा असाही. 'मला घाबरल्यासारखे वाटत नाही' या विधानापुढे 'कधीच नाही' लिहिले की नेमके काय सांगितले ते उत्तर देणाऱ्यालाही उमगत नाही. भाषांतर परत मूळ भाषेत आणून ताडण्याची रिचर्ड ब्रिस्लिन यांची पद्धत (१९७०) शब्द पकडते, अशी दुहेरी छटा मात्र बहुधा निसटते. विद्यार्थ्याला भाषा निवडू द्यावी आणि निवडलेली भाषा गुणांसोबत नोंदवावी, हे अधिक सुरक्षित दिसते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घेतलेले अवस्थेचे गुण स्वभावाचे म्हणून छापणे ही चूक तर सगळीकडेच होते.

व्यसनाधीन व्यक्ती. निपाणी हा बिडीच्या तंबाखूचा जुना बाजार; १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन येथलेच. तंबाखू जिथे पीक, मजुरी व सवय असे तिन्ही आहे तिथे 'व्यसन आहे का?' या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर गालात चिमूट असतानाही येते. दिवसातून किती वेळा मळता, मावा खाता का, उठल्यावर पहिली बिडी किती वेळाने, असे विचारल्यास आकडे बदलतात. निकोटिनचे अवलंबित्व मोजणाऱ्या फागरस्ट्रॉम कसोटीत (१९९१) उठल्यापासून पाच मिनिटांच्या आत पहिली सिगारेट ओढणाऱ्यास त्या प्रश्नाचे सर्वाधिक ३ गुण मिळतात. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची कसोटी आहे; ४० पैकी ८ वा अधिक गुण धोक्याचे मानतात. गांजाबाबत उत्तरे कमीच मिळतात. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याची भीती आणि वर्गात शिक्षक उभे असणे, दोन्ही कारणे त्यामागे असतात.

चिंतेमुळे व्यसन की व्यसनामुळे चिंता, हा वाद मिटलेला नाही. दारू ताण उतरवते म्हणून प्यायली जाते, हे कॉन्जर यांचे प्रतिपादन (१९५६). माणूस आपल्या दुःखावर स्वतःच औषध शोधतो, हे खँट्झियन यांचे (१९८५). दोन्ही मतांना रुग्णांच्या कथनाचा आधार मिळतो, पण नशा उतरतानाची चिंता वजा केल्यावर तो आधार पातळ होतो. मद्य थांबल्यावर साधारण ६ ते २४ तासांत हातांची थरथर, घाम, धडधड व अस्वस्थता सुरू होते. बेक यांच्या १९८८ च्या २१ लक्षणांच्या शोधिकेत शारीरिक लक्षणांचाच भरणा आहे. त्यामुळे दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती भरून घेतली की मोजला जातो तो मुख्यतः दारूचा अभाव. दारू सुटतानाचा त्रास मोजणाऱ्या मद्यविरहाच्या मोजपट्टीत (१९८९) चिंता हा दहापैकी एकच घटक असून त्याला ० ते ७ गुण आहेत. त्या काळात हेच माप पुरेसे मानावे. स्वतंत्र चिंताविकार ठरवण्यापूर्वी सुमारे महिनाभर निर्व्यसनी काळ जाऊ द्यावा, असे मनोविकारांची अमेरिकन निदानपुस्तिका सुचवते. व्यवहारात रुग्ण इतके दिवस थांबत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात एकदा व चौथ्यात पुन्हा मोजणे आणि फरकाकडे पाहणे हा मध्यममार्ग. तंबाखूचेही असेच : सकाळच्या पहिल्या बिडीआधीचे गुण आणि नंतरचे गुण एका तक्त्यात बसवता येत नाहीत.

सेवा. १९५६ पूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात असतानाही मनोरुग्णांसाठी धारवाडचीच वाट धरली जाई. तेथील जुने मनोरुग्णालय आता मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा टेली-मानस दूरध्वनी उपलब्ध आहे.

स्त्रिया. मापनात त्या बहुतांशी विद्यार्थिनी म्हणूनच येतात. भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावणाऱ्या बायका 'दात घासते' असे सांगतात, आणि मुलाखतकर्ता तंबाखूच्या रकान्यात 'नाही' लिहून पुढे जातो.