चार ट्रॅकचं कॅसेट मशीन घरी नेताय? आधी हे वाचा

गाणं रेकॉर्ड करायला आमच्याकडून भाड्यानं मशीन न्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिलं विचारतंय ते मिक्सिंगचं, म्हणजे शेवटी सगळे आवाज एकत्र कसे बसवायचे ते. मिक्सिंगचं राहू दे ओ, आधी टेपवर काय जातंय ते बघा, तिथं नीट गेलं की मिक्सिंग अर्ध्या तासात उरकतंय आणि तिथं चुकलं तर चार रात्री जागूनपण काय हाताला लागत नाही.

आधी कॅसेट. घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये ए साईडचे दोन आणि बी साईडचे दोन असे चार ट्रॅक त्या 3.81 मिमीच्या पट्टीवर असतात, आपलं मशीन ते चारही एकाच दिशेनं वापरतंय, 1979 ला टीॲक कंपनीनं पोर्टास्टुडिओ म्हणून असलं पहिलं मशीन काढलं तेव्हापासून हेच चालत आलंय. म्हणून कॅसेट पालटून मागच्या बाजूला दुसरं गाणं करायला जाऊ नका, पहिलं पुसून जाईल. आमची भाड्याची मशीनं डबल स्पीडची आहेत, सेकंदाला साडेनऊ सेंमी, म्हणजे साठची कॅसेट 15 मिनिटांत संपणार. नव्वदची चालते. एकशेवीसची पट्टी लई पातळ, ती आत गुंडाळते, आणूच नका. टाईप टू, म्हणजे क्रोम लिहिलेली मिळाली तर तीच घ्या. आणि खानापूरकडच्या लोकांना हात जोडून सांगणं, पावसाळाभर कपाटात राहिलेल्या कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालू नका, ती टेप जिथं घासून वाचली जाते त्या हेडला चिकटते आणि पुढच्या गिऱ्हाईकाच्या गाण्यावर जाऊन बसते.

आता पेटीवाल्यांसाठी खास. मशीनवर पिच म्हणून एक बटण आहे, त्यानं मोटरचा स्पीड थोडा कमीजास्त होतो. पहिला ट्रॅक घ्यायच्या आधी ते मधल्या खुणेवर आहे का बघा, दोनदा बघा. एका भजनी मंडळानं तबला आणि तानपुरा रात्री घेतला, बटण कुणा पोरानं फिरवून ठेवलेलं, सकाळी पेटी घेऊन बसले तर काळी चार काय जुळेना. तानपुरा परत लावता येतो, गिटार लावता येते, पेटीचे सूर तुम्ही घरी बसून घासणार आहात का? शेवटी बटण अंदाजानं फिरवत फिरवत पेटीला आणलं, अर्धा दिवस गेला.

चार ट्रॅक पुरत नाहीत म्हणतात, पण पुरतात, बाऊन्स करायचं, म्हणजे भरलेले ट्रॅक एकत्र करून मोकळ्या ट्रॅकवर उतरवायचे. समजा तबला 1 वर, पेटी 2 वर घेतली. 3 मोकळा सोडा आणि 1, 2 मिळून 4 वर उतरवा, उतरवताना त्याच वेळी कुणी समोर बसून टाळ वाजवला तर तोपण त्यातच जातो. 3 वरून 4 वर उतरवायला गेलात तर दोन्ही शेजारी असल्यामुळं कधीकधी शिट्टी मारतंय, म्हणून तो मोकळा. आता 4 वर तीन वाद्यं झाली आणि 1, 2, 3 परत रिकामे, तिथं आवाज, कोरस, बासरी काय हवं ते. पण 4 वर गेलेलं आता वेगळं होत नाही, तबला मोठा झाला असेल तर मोठाच राहणार, म्हणून जुने ट्रॅक पुसायच्या आधी 4 नुसता ऐका, हेडफोनवर ऐका, बाहेरच्या स्पीकरवर ऐका, आईला ऐकवा. दर बाऊन्सला वरची धार थोडी मरते आणि टेपची सूं सूं वाढते, त्यामुळं मुख्य आवाज कधी बाऊन्स करू नका, तो शेवटी ताजा घ्या. टाळ माईकपासून सहा-सात फूट लांब बसवा, जवळ घेतला तर आवाज किती जातोय ते दाखवणारा काटा खाली दिसला तरी टेपवर तो फाटतोच.

काटा झिरोच्या आसपास नाचू दे. डीबीएक्स म्हणून मशीनवर सोय आहे ती चालू ठेवा, सूं सूं कमी होते, पण एकदा चालू करून घेतलं की शेवटपर्यंत चालूच, मधे बंद केलं तर आवाज किरकिरा आणि धापा टाकल्यासारखा येतो. ज्या ट्रॅकवर घेणार नाही त्याचं रेकॉर्ड बटण बंद. हे आम्ही स्वतः विसरलोय आणि घरच्याच माणसाचा आवाज पुसलाय, अजून ऐकून घेतोय.

मिक्सिंगला आवाज आणि तबला मधे, बाकीचं थोडं डावी-उजवीकडं. लाईन आऊटच्या पिना कंप्युटरच्या लाईन इनला घाला, माईकच्या भोकात नको. फेडरच्या, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणांच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावून पेनानं खुणा करा, कडव्याला कुठं, ध्रुवपदाला कुठं, आणि दोघं मिळून हात चालवा, चार फेडर एकट्याला झेपत नाहीत.

मधेच करंट गेला तर पहिलं स्टॉप दाबा, प्ले तसंच दाबलेलं राहिलं तर टेप ओढणाऱ्या रबरी रोलरला खड्डा पडतो आणि मग प्रत्येक फेरीला आवाज हेलकावतो. मशीन परत देताना कॅसेट बाहेर काढून आणा, आत राहिलेली कुणाची ते आम्हाला कळत नाही, अशा तीन पडल्यात ड्रॉवरमध्ये, एकीवर कन्नड लग्नगीत आहे, ज्याचं असेल त्यानं घेऊन जावं.