बालविकास की पाककला? ‘होम सायन्स’च्या एकाच डब्यात कोंबलेले दोन विषय

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की आमच्या स्टाफरूमबाहेरच्या बाकावर पालकांची गर्दी होते. गेल्या जूनमध्ये एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. दुपट्ट्याने घाम पुसत म्हणाले, “मॅडम, बालविकास आन् कुकिंग, दोन्ही होम सायन्सच हाये ना? मंग कोणतंही टाकून द्या. पोरीच्या कामातच येईल.” मुलगी खाली मान घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

हे वाक्य मी दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी जीव तुटतो. पण हा गोंधळ त्या गृहस्थांनी केलेला नाही. राज्य मंडळात बालविकास, अन्नशास्त्र आणि तंत्रज्ञान, गृहव्यवस्थापन, वस्त्रशास्त्र असे वेगवेगळे विषय आहेत, तरी बोलताना सगळ्यांना सरसकट होम सायन्सच म्हणतात. सीबीएसईच्या कौशल्य विषयांत लहान मुलांचं संगोपन-शिक्षण वेगळं आणि ‘फूड प्रॉडक्शन’ वेगळं, पण पालकांच्या लेखी ते एकच. अमेरिकेतल्या हायस्कुलांतही चाइल्ड डेव्हलपमेंट आणि क्युलिनरी आर्ट्सचे तास एकाच विभागात भरतात. त्या विभागाला पूर्वी होम इकॉनॉमिक्स म्हणायचे, १९९४ पासून फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस म्हणू लागले. घरात ही दोन्ही कामं बहुधा एकच बाई करते, म्हणून ती शिकायचीही एकाच पद्धतीने, असं सगळ्यांनी धरून टाकलं आहे.

फरक सांगायला मी एकच उदाहरण घेते. मुगाच्या डाळीची खिचडी.

पाककलेच्या प्रात्यक्षिकात खिचडी वजनकाट्यावर सुरू होते. तांदूळ २०० ग्रॅम, डाळ १०० ग्रॅम, पाणी मापाच्या भांड्याने. घरी आईचा हात हेच माप असतं आणि ते चुकत नाही, हे मला मान्य आहे. पण आईचा हात दुसऱ्याला देता येत नाही, लिहिलेलं प्रमाण देता येतं. गॅस पेटवायच्या आधी सगळं धुतलेलं, चिरलेलं, मोजलेलं, वाट्यांमध्ये ओळीने मांडलेलं हवं. याला हॉटेलच्या स्वयंपाकघरात ‘मीझ आँ प्लास’ म्हणतात आणि मुलींना पहिले दोन महिने याचाच कंटाळा येतो. गाजराचे ३ मिलिमीटरचे चौकोनी तुकडे, एकसारखे, कारण लहानमोठे तुकडे एकाच वेळी शिजत नाहीत. मग खिचडी चिकट का झाली हा प्रश्न. तांदळातला स्टार्च साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतो. अशा वेळी सराटा घेऊन सारखं ढवळत बसलं की दाणे फुटतात, स्टार्च बाहेर येतो, आणि गंजात, म्हणजे पातेल्यात, खळ तयार होते. चार गटांच्या चार खिचड्या टेबलावर शेजारी ठेवल्या की हे सांगावंच लागत नाही, दिसतं.

त्यानंतर उरलेल्या खिचडीचं काय करायचं, यावर मी एक अख्खा तास घालवते. ५ ते ६० अंश या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात आणि नागपूरच्या मे महिन्यात ओट्यावरचं भांडं दिवसभर याच पट्ट्यात असतं. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात. म्हणून उरलेला भात पसरट ताटात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवायचा. मग खर्च काढायचा: एका ताटाला किती पडले, वाया किती गेलं. मोठ्या प्रमाणाचं गणित तर आणखी वेगळं. २०१८ मध्ये आपले शेफ विष्णू मनोहर यांनी नागपुरात एकाच कढईत ३,००० किलो खिचडी शिजवली होती. घरच्या प्रमाणाला नुसतं गुणत गेलं असतं तर ती साधली नसती, कारण भांडं मोठं झालं की त्या मानाने वाफ कमी उडते, पाणी कमी लागतं, आणि गॅस बंद केल्यावरही आत शिजणं चालूच राहतं.

आता तीच खिचडी बालविकासाच्या तासाला.

आम्ही मुलींना बालवाडीत नेतो. वाटीत मऊ खिचडी, समोर दोन-अडीच वर्षांचं पोट्टं. मुलींनी भिंतीला टेकून बसायचं, वही काढायची आणि लिहायचं. बोलायचं नाही, भरवायचं नाही, सांडलं तर पुसायलाही उठायचं नाही. पहिल्या दिवशी हे फार जड जातं. एकीने लिहिलं, “मुलगा हट्टी आहे, जेवत नाही.” मी विचारलं, हट्टी कुठे दिसला? डोळ्यांना काय दिसलं ते लिही. दुसऱ्या खेपेला तिने लिहिलं: “११.१०. चमचा उजव्या हातात. चार वेळा खिचडी घेतली, दोनदा सांडली, दोनदा तोंडात गेली. ताईंनी भरवायला हात पुढे केला. मान फिरवली. चमचा खाली टाकला. चमच्याकडे बघितलं, मग ताईंकडे बघितलं.”

हे वाचल्यावर ‘जेवत नाही’ हा शब्दच खोटा ठरतो. पोरगं जेवत होतं. भरवणं त्याला नको होतं. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने या वयाचा पेच सांगितला तो हाच: माझं मी करेन, की मला जमत नाही म्हणून लाजेन. त्यात पहिल्या वर्षी जन्माच्या वजनाच्या तिप्पट झालेलं मूल दुसऱ्या वर्षी साधारण दोन-अडीच किलोच वाढतं, म्हणजे त्याची भूक खरंच कमी झालेली असते. आणि याच वयात नवा पदार्थ नाकारण्याचं प्रमाण वाढतं. तोच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, जबरदस्ती न करता समोर आला की मग मूल हात लावतं. घरात “माझ्या हातचं खातच नाही” म्हणून रडवेली झालेली सून मी पाहिली आहे. तिला चांगल्या रेसिपीची गरज नव्हती, हे एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं.

माझ्या मते खरा फरक इथे आहे. पाककलेत हात घालायला शिकवतात, बालविकासात आधी हात मागे घ्यायला. खिचडी लागली तर गंज घासून दुसरी टाकता येते. वर्गातला निम्मा अभ्यास अशा बिघडलेल्या पदार्थांवरच होतो आणि व्हायलाच हवा. मुलाच्या बाबतीत असा सराव करता येत नाही. करून पाहिला गेला आहे: अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९२० च्या सुमारास गृहशास्त्राच्या विद्यार्थिनींसाठी अनाथालयातून खरी तान्ही बाळं आणली जात. मुलींच्या तुकड्या आळीपाळीने त्यांना सांभाळत आणि शिकत. ‘प्रॅक्टिस बेबी’ हेच त्यांचं नाव, आडनावाच्या जागी विभागाचं नाव. हे १९६९ पर्यंत चाललं. बाळाला पदार्थासारखं शिकायला घेतलं की काय होतं, याचं याहून अंगावर येणारं उदाहरण मला माहीत नाही. आता तिथल्या हायस्कुलांत रडणारी इलेक्ट्रॉनिक बाहुली घरी देतात. आपल्याकडे बालवाडीची भिंत आणि वही आहे, आणि मला ती बरी वाटते.

दोन्ही विषय एकमेकांना भेटतात ते बाळाच्या वरच्या अन्नात. सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधासोबत वरचं अन्न सुरू करायचं. वर्षाच्या आत मध नाही, बोटाला लावून चाटवायलासुद्धा नाही, कारण त्यातल्या बोटुलिझमच्या बीजाणूंशी बाळाचं आतडं लढू शकत नाही. अख्खे शेंगदाणे घशात अडकतात, म्हणून लहान मुलांना द्यायचेच नाहीत. नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमते, तेव्हा उकडलेल्या गाजराचा बोटांत चुरगळेल असा तुकडा द्यावा. तो तुकडा तेवढा मऊ पण आकार न सोडणारा कसा शिजवायचा ते पाककलेची मुलगी सांगेल. तो आत्ताच का द्यायचा, ते बालविकासाची.

एक सावधगिरी. अन्नशास्त्र आणि तंत्रज्ञान हा विषय म्हणजे पाककला नव्हे. त्यात पोषण, टिकवण, भेसळ, प्रक्रिया, पॅकिंग येतं. ज्याला पुढे नागपुरातल्या अमरावती रोडच्या एलआयटीत (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) फूड टेक्नॉलॉजी करायचं आहे, त्याच्यासाठी तो रस्ता बरोबर. ज्याला हॉटेलच्या चुलीपुढे उभं राहायचं आहे, त्याचा तिथे हिरमोड होतो.

पुढच्या वाटाही लवकर फुटतात. पाककलेतून हॉटेल मॅनेजमेंटची एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा, आयटीआयमधला फूड प्रॉडक्शनचा ट्रेड, बेकरी, स्वतःचं केटरिंग. दिवसाचे दहा-बारा तास उभं राहायची तयारी हवी, हे आधीच सांगून ठेवते. बालविकासातून बालवाडी, अंगणवाडी, विशेष मुलांचं शिक्षण, समुपदेशन, वाचा-उपचार. अंगणवाडी म्हटलं की लोक खिचडीवालीच म्हणतात, त्याचं वाईट वाटतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डी गावात काम सुरू केलं, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. तिथल्या बाई खिचडी देतात, वजन घेतात, दंडाचा घेर मोजतात आणि कोणतं मूल अजून बोलत नाही हे सगळ्यांच्या आधी त्यांना कळतं.

त्या मुलीला मी शेवटी एवढंच विचारलं, “बेटा, घरी लग्नकार्य असलं की तू कुठे असतेस?” वडील म्हणाले, “कामं करते ना, पोळ्या लाटू लागते.” ती पहिल्यांदा वर बघून बोलली. “पोळ्या झाल्या की पोट्ट्यांपाशी जाऊन बसते. खेळत नाही. बघते फक्त.”

मी फॉर्म तिच्याकडे सरकवला. लिहिता लिहिता तिने विचारलं, “मॅडम, बालवाडीत कोणत्या दिवशी जायचं असते?”